करावं तसं भरावं, पण कधी आणि कुणाच्या हातून?

फारसी आणि भारतीय कथांमधल्या कर्मफळाच्या कल्पनेविषयी वाचकांनी पाठवलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : कर्माची कल्पना मूळची भारतातली. पंचतंत्र इराणात गेलं तेव्हा त्याच्याबरोबर तीही तिकडे गेली, असं म्हणता येईल का?

गोष्टी गेल्या हे नक्की. सासानी सम्राट पहिला खुस्रो अनुशीरवान (राज्यकाळ ५३१ ते ५७९) याच्या दरबारातला वैद्य बुर्जोय याने पंचतंत्रातल्या आणि महाभारतातल्या काही कथा पहलवी, म्हणजे त्या काळच्या फारसी भाषेत नेल्या. ते पहलवी पुस्तक आज उपलब्ध नाही. त्यावरून सुमारे ५७० मध्ये सीरियाक भाषांतर झालं आणि आठव्या शतकाच्या मध्यात इब्न अल-मुकफ्फा या मूळच्या इराणी लेखकाने अरबी 'कलीला व दिम्ना' सिद्ध केलं. अरबीवरून ११४४ च्या सुमारास नसरुल्ला मुन्शीने फारसी गद्य लिहिलं, पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने 'अन्वार-इ-सुहैली' लिहिलं आणि १५८८ मध्ये अबुल फजलने अकबरासाठी 'इयार-इ-दानिश' तयार केलं. म्हणजे हजारेक वर्षांनी त्याच गोष्टी फारसी वेशात भारतात परत आल्या.

पण 'गोष्टींबरोबर कर्मही गेलं' हे म्हणणं टिकत नाही. पंचतंत्राचं पहिलं तंत्र, 'मित्रभेद', शेवटपर्यंत वाचून पाहा. दमनक हा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्यात खोटंनाटं सांगून वैर पेटवतो. सिंहाच्या हातून निरपराध बैल मारला जातो. सिंहाला पश्चात्ताप होतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि स्वतः मंत्रिपदावर कायम राहतो. इथे तंत्र संपतं. कर्मभूमीतल्या ग्रंथात इतक्या मोठ्या पापाला काहीच फळ मिळत नाही.

अरबी 'कलीला व दिम्ना'त मात्र याच्या पुढे एक अख्खं नवं प्रकरण आहे : दिम्नाची, म्हणजे आपल्या दमनकाची, चौकशी. सिंहाची आई मुलाला गप्प बसू देत नाही. दिम्ना स्वतःची बाजू मोठ्या हुशारीने मांडतो, त्याचा सोबती कोल्हा कलीला (संस्कृतातला करटक) दुःखाने मरतो. अखेर दोन साक्षीदार पुढे येतात. एक बिबट्या, ज्याने दोघा कोल्ह्यांचं बोलणं चोरून ऐकलेलं असतं, आणि दुसरा तुरुंगातलाच एक कैदी. दिम्नाला कोठडीत अन्नपाण्यावाचून मारलं जातं. हे प्रकरण सीरियाक भाषांतरात नाही. ते भाषांतर थेट पहलवीवरून झालेलं असल्यामुळे, ही भर इब्न अल-मुकफ्फाचीच असावी असं अभ्यासक मानतात. नसरुल्ला आणि काशिफी या दोघांनीही ती ठेवली. म्हणजे पापाचं फळ दाखवलंच पाहिजे हा आग्रह भारतातून तिकडे गेलेला नाही. या कथेपुरता तरी तो वाटेतच तिला चिकटला.

असं का व्हावं? आमचं मत असं : मित्रभेद राजपुत्रांना राजनीती शिकवण्यासाठी सांगितलेला आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात पुढच्या जन्मांची वाट मोकळी आहे. कथा हिशेब उघडा ठेवू शकते. जिथे माणसाला एकच जन्म आहे, तिथे दुष्ट मंत्री सुखात राहिला तर श्रोत्याला कथा अपुरी वाटते. तिथे न्याय कथेतच उरकावा लागतो, आणि तोही साक्षीपुराव्यानिशी.

याच ग्रंथात बुर्जोयच्या तोंडी एक आत्मकथन आहे. (ते खरोखर त्याचंच की इब्न अल-मुकफ्फाचं, यावर वाद आहे.) वेगवेगळ्या धर्मांचे दावे तपासून तो थकतो आणि ठरवतो, की सगळ्या धर्मांना जी कृत्यं चांगली वाटतात तेवढीच धरून राहायची : हत्या नाही, चोरी नाही, खोटं नाही, आणि केल्या कृत्याची परतफेड होते हा विश्वास. दोन्ही परंपरांना जोडणारं सूत्र हेच आहे. ते एकीकडून दुसरीकडे गेलेलं नाही, दोन्हीकडे आधीपासूनच होतं.

प्रश्न : पुनर्जन्म मानत नाहीत तिथे कर्माचं फळ मिळतं तरी कसं? त्याला 'कर्म' म्हणावं का?

इस्लामपूर्व इराणपासून सुरुवात करू. जरथुश्त्री धर्मात सद्विचार, सद्वचन, सत्कृत्य ही त्रयी पायाभूत आहे. मृत्यूनंतर तीन रात्री आत्मा देहाजवळ राहतो. चौथ्या पहाटे त्याला त्याची स्वतःची दएना, म्हणजे त्याची अंतःप्रेरणा, भेटते. जगताना जसं वागणं असेल तसं तिचं रूप. सज्जनाला ती सुगंधी वाऱ्यासोबत आलेली पंधरा वर्षांची तेजस्वी कन्या दिसते, दुर्जनाला ओंगळ स्त्री. 'तू कोण?' असं विचारल्यावर ती सांगते की मी तुझंच केलेलं आहे. मग येतो परलोकात नेणारा चिन्वत पूल. रश्नु हा यजत, म्हणजे पूज्य देवता, तराजू धरतो. चांगलं जड भरलं तर पूल रुंद होतो, वाईट जड भरलं तर धारेसारखा अरुंद होतो. दोन्ही पारडी समान भरली तर आत्मा हमिस्तगान नावाच्या मधल्या जागी राहतो.

ही मोजणी किती बारीक आहे ते अर्दा विराफच्या कथेत दिसतं. परलोक पाहायला गेलेल्या विराफला नरकात दवानोस नावाचा एक आळशी माणूस दिसतो. त्याचं सगळं अंग जीवजंतू कुरतडत असतात, फक्त उजवा पाय सुटलेला असतो. कारण आयुष्यभर त्याने काही चांगलं केलं नव्हतं, पण एकदा नांगराच्या बैलापुढे त्याने त्या पायाने गवताची पेंढी सरकवली होती. एवढ्याशा कृत्याचीही नोंद राहिली, आणि ती त्याच अवयवावर राहिली.

आता भारतीय बाजूची जातककथा घ्या. पाली संग्रहात ५४७ जातकं आहेत आणि प्रत्येकाचा साचा ठरलेला आहे : वर्तमानातला प्रसंग, मागच्या जन्मातली कथा, गाथा, गाथेचं स्पष्टीकरण, आणि शेवटी समोधान, म्हणजे 'त्या वेळचा राजा तो आजचा अमुक, आणि मी स्वतः तमुक' अशी ओळख पटवणं. पुनर्जन्म इथे कथेच्या सांगाड्यातच आहे. समोधान काढून टाकलं तर उरते ती साधी प्राणिकथा किंवा चोरांची गोष्ट, आणि तिथे ती फारसी कथेशी हुबेहूब जुळते.

वेदब्भ जातक (क्रमांक ४८) हे याचं चांगलं उदाहरण. लुटलेल्या धनापायी चोर एकमेकांना मारत सुटतात. शेवटी दोघे उरतात. एक तलवार घेऊन धनाजवळ बसतो, दुसरा भात आणायला गावात जातो. आणणारा भातात विष कालवतो. राखणारा तो आल्याबरोबर त्याला कापून टाकतो, मग भात खातो. दोघेही मेले, धन तिथेच. फारसी सूफी परंपरेत हीच गोष्ट हजरत ईसा आणि भाकरी लपवणारा त्यांचा लोभी सोबती यांच्याभोवती गुंफलेली आहे. विष आणि शस्त्र तिथेही तेच. परतफेड त्याच दिवशी, त्याच माणसांच्या हातून, आणि पुनर्जन्माची गरज कुणालाच नाही.

तेव्हा शब्दावर अडू नका. तत्त्वज्ञान म्हणून कर्मसिद्धांत वेगळा आहे : जन्मांची साखळी, संचित, प्रारब्ध. लोककथेत त्यातलं फार थोडं उतरतं. 'कृत्य करणाऱ्याकडे परत येतं' एवढाच भाग उतरतो आणि तेवढा दोघांचा समाईक आहे.

प्रश्न : फारसी कथांत 'किस्मत' सगळीकडे आहे. मग नशीब आणि कर्म एकच मानायचे का?

नाही, आणि तुलना बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

फारसी कवी रूमीच्या (१२०७ ते १२७३) 'मसनवी' या काव्याच्या पहिल्या दफ्तरात, म्हणजे खंडात, एक कथा आहे. एक माणूस भेदरून हजरत सुलेमानांकडे येतो : मृत्यूचा दूत इज्राईलने माझ्याकडे भयंकर नजरेने पाहिलं, वाऱ्याला सांगून मला हिंदुस्थानात पोहोचवा. सुलेमान तसं करतात. दुसऱ्या दिवशी ते इज्राईलला विचारतात. तो म्हणतो, मी रागाने नाही, आश्चर्याने पाहत होतो. याचा प्राण हिंदुस्थानात घ्यायची आज्ञा होती आणि हा इथे कसा, हे मला कळेना. या माणसाने काही पाप केलं होतं असं कथेत कुठेही नाही. ही नियतीची कथा आहे, कर्मफळाची नव्हे.

तिच्याशेजारी महाभारताच्या अनुशासनपर्वाच्या आरंभीची गौतमीची कथा ठेवा. तिचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा व्याध साप बांधून आणतो आणि 'याला मारू का?' असं विचारतो. साप म्हणतो, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू म्हणतो, मला काळाने. काळ म्हणतो, मुलाच्या स्वतःच्या कर्माने. इथेही मरण टळत नाही, पण प्रश्नांची साखळी मागे जात जात माणसाच्या कृत्यावर येऊन थांबते. सुलेमानांच्या कथेत ती ईश्वराच्या आज्ञेवर थांबते. हितोपदेशाने हे एका ओळीत मांडलं आहे : 'पूर्वजन्मकृतं कर्म तद्दैवमिति कथ्यते.' ज्याला तुम्ही दैव म्हणता ते तुमचंच जुनं कृत्य. फारसी कथेत दैव लिहिणारा दुसरा कुणीतरी असतो.

मात्र सुलेमानांची ही कथा मसनवीत कुठे येते ते पाहायला हवं. ती सुटी उचलली की अर्थ उलटा होतो. रूमी कलीलामधली सिंह आणि सशाची गोष्ट सांगतो आहे, जी आपण पंचतंत्रातल्या भासुरक सिंहामुळे ओळखतो. संस्कृतात प्राणी रोज एक जनावर देण्याचा करार करतात आणि प्रकरण पुढे सरकतं. रूमी त्या करारापाशी थांबतो आणि तिथे मोठा वाद उभा करतो. प्राणी म्हणतात, शिकारीची धडपड सोड, ईश्वरावर भार टाक. सिंह म्हणतो, हातपाय दिले आहेत ते वापरण्यासाठी. उंटाचा गुडघा बांध आणि मग भरवसा ठेव. सुलेमान आणि इज्राईलची कथा ही त्या वादात प्राण्यांनी पुढे केलेली बाजू आहे. 'फारसी कथा नियतीवादी असतात' असं म्हणणारे वादातलं एकच भाषण वाचत असतात.

आणि शेवटी सिंह विहिरीत स्वतःच्या प्रतिबिंबावर झेप घेतो तेव्हा रूमी म्हणतो की जुलमी माणसाचा जुलूम हीच त्याची अंधारी विहीर. जो जितका जुलमी तितकी त्याची विहीर भयंकर. संस्कृत कथा इथे बुद्धीचं बळ दाखवून मोकळी होते. त्याच विहिरीत कर्मफळ पाहिलं ते फारसी कवीने.

प्रश्न : सत्यनारायणाच्या कथेसारखी एखादी इराणी कथा आहे का?

आहे, आणि तिचं एक रूप मुंबईच्या पारशी घरांत आजही सांगितलं जातं.

इराणात 'आजील-ए मुश्किलगुशा' नावाची नवसाची प्रथा आहे. आजील म्हणजे हरभरे, बेदाणे, पिस्ते, बदाम असा मिश्र सुकामेवा. तो निवडता निवडता एक कथा सांगायची आणि मग तो वाटायचा. कथा काटक्या गोळा करणाऱ्या गरिबाची. संकटात त्याला एक अनोळखी पुरुष भेटतो, मूठभर खडे देतो. घरी आल्यावर त्यांची रत्नं झालेली असतात. अट एवढीच, की नेमाने आजील वाटायचा आणि कथा सांगायची. दिवस पालटतात. मुलीची राजकन्येशी मैत्री होते, नेम विसरला जातो. राजकन्येचा हार हरवतो, आळ मुलीवर येतो, कुटुंब तुरुंगात जातं. तिथे नेमाची आठवण होते, कुणातरी वाटसरूकडून थोडा आजील मागवला जातो, कथा सांगितली जाते, आणि पक्ष्याने नेलेला हार परत मिळतो. पारशी घरांत हीच कथा शुक्रवारी भाजलेले चणे सोलताना मुश्किल आसान आणि बेहराम यझद यांच्या नावाने सांगतात. तिथे नायक लाकूडतोड्या असतो.

आता साधुवाण्याची कथा आठवा. मूल झालं तर व्रत करीन. मुलगी कलावती होते, तेव्हा म्हणतो तिच्या लग्नात करीन. लग्न होतं, विसरतो. रत्नसारपुरात चोरीच्या खोट्या आळावरून चंद्रकेतू राजा त्याला आणि जावयाला कैदेत टाकतो. घरी लीलावती आणि कलावती व्रत करतात आणि हे दोघे सुटतात. विसर, खोटा आळ, तुरुंग, आठवण, सुटका : क्रम तोच. प्रसाद किंवा आजील वाटणं आणि कथा सांगणं हे दोन्हीकडे विधीचंच अंग आहे. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांतलं 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' हे बजावणंही याच जातीचं.

या कथा कर्मफळाच्या आहेत का, याचं आमचं उत्तर 'अर्धवट' असं आहे. साधुवाण्याने चोरी केलेली नाही, काटक्यावाल्याच्या मुलीनेही नाही. दोघांनी वचन मोडलं आहे. फळ मिळतं ते वचनभंगाचं. शिवाय पश्चात्तापाने ते मागे घेता येतं. कर्मफळाच्या कथेत असं होत नाही, दिम्नाला सुटका नाही. पुढच्या अध्यायात साधुवाणी दंडीला 'नावेत पालापाचोळा आहे' असं खोटं सांगतो आणि खरोखरच मालाचा पाला होतो. तो प्रसंग मात्र शुद्ध कर्मफळाचा आहे : बोललेलं तेच समोर आलं. एकाच कथेत दोन्ही जाती असू शकतात, म्हणून अख्ख्या कथेला एकच शिक्का मारू नये.

प्रश्न : फारसी कथेत दुष्टाला क्षमा केली जाते आणि भारतीय कथेत शिक्षा, हे खरं का?

इतकं सरळ नाही. फारसी कवी निजामीच्या 'हफ्त पैकर'मध्ये (११९७) सात वारी सात घुमटांत सात राजकन्या कथा सांगतात. त्यातली गुरुवारच्या चंदनी घुमटात सांगितली जाणारी खैर आणि शर या दोघांची कथा पाहा. वाळवंटात शरजवळ लपवलेलं पाणी आहे. तहानेने व्याकूळ खैर त्याला दोन माणकं देऊ करतो. शर ती नाकारतो आणि म्हणतो, शहरात पोहोचल्यावर तू परत मागशील, डोळे दे. खैर कबूल होतो. शर डोळे काढतो, माणकंही घेतो, आणि पाणी न देताच निघून जातो. एका कुर्द पशुपालकाची मुलगी खैरला वाचवते. तिचा बाप झाडाची पानं आणून त्याचे डोळे बरे करतो. ती पानं घेऊन खैर पुढे राजाच्या मुलीची फेफरं आणि वजिराच्या मुलीचं आंधळेपण बरं करतो आणि अखेर राजा होतो. एके दिवशी शर सापडतो. खैर त्याला ओळखतो, आणि सोडून देतो. पण तो कुर्द सासरा शरच्या मागे जातो आणि त्याचं डोकं उडवतो. माणकं त्याच्या कमरपट्ट्यात शिवलेली सापडतात.

क्षमाही झाली आणि परतफेडही झाली, फक्त हात वेगळे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे हात स्वच्छ राहावेत म्हणून कथा तिसऱ्याला पुढे करते. पंचतंत्रातल्या धर्मबुद्धी आणि पापबुद्धीच्या गोष्टीत हे काम पापबुद्धीचाच डाव करतो. त्याने पुरलेलं धन चोरलेलं असतं आणि वृक्षदेवतेची साक्ष म्हणून स्वतःच्या बापाला झाडाच्या ढोलीत बसवलेलं असतं. धर्मबुद्धी ढोलीला आग लावतो, अर्धवट जळलेला बाप बाहेर येऊन खरं सांगतो आणि मरतो, पापबुद्धीला राजपुरुष फाशी देतात. कलीलामध्येही ही गोष्ट जवळपास तशीच आहे.

प्रश्न : शाळेतल्या मुलांकडून अशा कथांची तुलना करून घ्यायची आहे. कुठून सुरुवात करावी?

एकाच जोडीपासून करा, आणि ती जोडी सावत्र बहिणींची घ्या. इराणी 'माहपिशानी', म्हणजे कपाळावर चंद्र असलेली, आणि बंगालची सुखू-दुखू. जागतिक कथाप्रकारांच्या सूचीत, म्हणजे एटीयूमध्ये, दोन्हींचा क्रमांक ४८० आहे. दोन्हींत वारा मुलीचा कापूस उडवून नेतो, इतकी ती जवळ आहेत. इराणी मुलगी कापसामागे विहिरीत उतरते, तिथल्या देवाशी (फारसीत देव म्हणजे राक्षस) नम्रपणे बोलते, त्याने सांगितल्याप्रमाणे पांढऱ्या पाण्याने तोंड धुते, काळ्याने भुवया. दुखू वाटेत गाय, केळ आणि घोड्याला मदत करते, चंद्राच्या आईच्या घरी पोहोचते, सांगितलं तितक्याच बुड्या मारते आणि पेट्यांतली लहान पेटी उचलते. मागून गेलेली हावरी बहीण सगळं उलटं करते. माहपिशानीची बहीण विद्रूप होऊन येते. सुखू एक बुडी जास्त मारून रूप घालवते, मोठी पेटी आणते आणि पेटीतला अजगर तिला गिळतो.

मुलांना प्रत्येक कथेसाठी पाच रकाने आखायला सांगा. कृत्य काय. ते करताना कुणी पाहत होतं का. फळ मिळायला किती वेळ लागला. फळ कुणाच्या हातून आलं : स्वतःच्या डावातून, राजाकडून, प्राण्याकडून, देवतेकडून. आणि फळ कृत्याच्या मानाने किती मोठं. पाचवा रकाना सर्वांत बोलका ठरतो. माहपिशानीची बहीण जिवंत राहते, सुखू मरते, आणि दोघींचा गुन्हा सारखाच. अशा वेळी मुलं आपणहून भांडायला लागतात, त्यांना भांडू द्या. एका जोडीला दोन तासिका लागतात. एका तासात वाचन आणि रकाने दोन्ही उरकायला गेलात तर रकाने घाईत भरले जातात आणि 'वाईटाचं वाईट झालं' एवढंच हाती येतं.

कुठे चुकतं तेही सांगतो. पहिली चूक म्हणजे मुलांसाठी सोपी केलेली, शेवटी तात्पर्य छापलेली आवृत्ती वापरणं. तात्पर्य संपादकाचं असतं, कथेचं नव्हे. 'कर्म' हा शब्दही अनेकदा त्या ओळीतच पहिल्यांदा येतो. दुसरी, एका बाजूने लिखित काव्य आणि दुसऱ्या बाजूने तोंडी कथा घेणं. निजामीची खैर-शर कथा एका दरबारी कवीने घडवलेली आहे, तिच्याशेजारी आजीची गोष्ट ठेवली तर दिसणारा फरक देशांचा नसतो, सांगण्याच्या रीतीचा असतो. तिसरी, जुनी नोंद जिथली तिथूनच कथा निघाली असं धरणं. तोंडी कथा लिहिली जाण्याआधी कितीतरी फिरलेली असते.

मोठ्या वर्गासाठी दोन सूची उपयोगी आहेत : थॉम्प्सन आणि रॉबर्ट्स यांची भारतीय मौखिक कथाप्रकारांची सूची (१९६०) आणि उलरिख मार्झोल्फ यांची फारसी लोककथांची सूची (१९८४). थॉम्प्सन यांच्याच आशयघटकांच्या (मोटिफ) वेगळ्या सूचीत बक्षीस आणि शिक्षा 'क्यू' विभागात, नशीब 'एन' विभागात आणि स्वतःच्या सापळ्यात सापडणारे ठक 'के' १६०० पासून पुढे आहेत. सूचीने हे वेगळे ठेवले आहेत, मुलांनीही वेगळे ठेवावेत.

प्रश्न : कर्माच्या कथा गरिबाला आणि आजाऱ्याला 'तुझंच पाप' असं सांगतात. त्या मुलांना सांगाव्यात का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो परंपरेच्या आतूनच आधी घेतला गेला आहे. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींच्या आश्रमात चोर लूट लपवतात. मौनव्रती ऋषी काही बोलत नाहीत आणि राजा त्यांना सुळावर चढवतो. पुढे ते धर्मराजाला जाब विचारतात : माझं पाप कोणतं? धर्म सांगतो, लहानपणी तुम्ही पाखरांच्या शेपटांत गवताची काडी खुपसली होती. मांडव्य ते निमूट मान्य करत नाहीत. इतक्या लहान अपराधाला इतका मोठा दंड दिलास म्हणून ते धर्मालाच शाप देतात आणि तो विदुर म्हणून जन्माला येतो. शिवाय नवी मर्यादा घालतात : चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचं पातक लागणार नाही. फळ देणाऱ्यालाही प्रमाण चुकल्याचं फळ भोगावं लागलं.

ही कथा जरूर सांगा. सांगताना जपायचं ते एकच. कर्मफळाची कथा पुढे पाहून सांगितली तर ती वागणुकीबद्दल बोलते : असं केलंस तर असं होईल. तीच मागे पाहून सांगितली, की तुझं असं झालं म्हणजे तू तसं केलं असणार, तर ती दुःखात असलेल्या माणसावर आरोप करते. चांगल्या लोककथेत कृत्य आपल्यासमोर घडतं आणि मगच फळ येतं. सुखूचा उद्धटपणा आपण आधी पाहतो, दिम्नाचं कारस्थान आपण आधी ऐकतो. ज्या कथेत फळ दिसतं पण कृत्य फक्त सांगोवांगी, मागच्या जन्मातलं असतं, ती वर्गात घ्यायची असेल तर मांडव्यासोबतच घ्या.

प्रश्न : 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' इराणातही आहे असं ऐकलं. तिच्यात कर्मफळ कुठे आहे?

आहे, तिकडे तिचं नाव 'कदू-ए किलकिलेजन', म्हणजे गडगडणारा भोपळा. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतले हिंस्र प्राणी, 'लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा' ही विनवणी आणि परतताना भोपळा, सगळं तेच. एटीयू १२२एफ. कर्मफळ मात्र तिच्यात शोधू नका. लांडग्याने काही पाप केलेलं नाही, त्याला भूक लागली आहे, आणि म्हातारी चक्क खोटं बोलून सुटते. दोन्ही देशांत अशा निव्वळ चातुर्याच्या कथा भरपूर आहेत. वरचे पाच रकाने त्यांना लावायला गेलात तर तिसऱ्या रकान्यापासून पुढे सगळे रिकामे राहतील.